‘निकाली’ म्हणजे निकाल लागला का?

प्रश्न सोलापूरच्याच एका ताईंचा आहे. त्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्या लिहितात : “‘न्याय विभागाने वर्षभरात इतकी प्रकरणे निकाली काढली, यातून विभागाचे उत्तरदायित्व दिसून आले’ अशा धर्तीची वाक्यं वार्षिक अहवालांच्या बातम्यांत असतात. निकाली म्हणजे निकाल लागलेली का? आणि उत्तरदायित्व म्हणजे जबाबदारीच असेल तर हा जड शब्द कशाला?” ताजा कलम म्हणून ‘प्रलंबित’ऐवजी ‘शिल्लक’ चालेल का, हेही विचारलंय.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. निकाली निघालेल्या प्रकरणाचा निकाल लागलेला असू शकतो, पण लागलाच असेल असं नाही.

‘निकाल’ हिंदीतल्या ‘निकालना’च्या कुळातला, म्हणजे मुळात बाहेर काढणं. मराठीत त्याला कोर्टाची आणि परीक्षेची प्रतिष्ठा मिळाली : खटल्याचा निकाल, दहावीचा निकाल. जुना अर्थ मात्र घर सोडून गेला नाही. ‘त्या कामाचा एकदा निकाल लावून टाक’ असं म्हणताना आपल्याला न्याय नको असतो, ते काम डोळ्यांसमोरून गेलं की झालं. ‘निकालात काढणं’ त्याहून उद्धट, त्यात समोरच्याचं ऐकूनही घेतलेलं नसतं. सरकारी मराठीतली ‘निर्गती’ याच घरातली. अर्जांची निर्गती, मुद्देमालाची निर्गती, म्हणजे तो इथून बाहेर गेला. हे शब्द टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहेत. पक्षकार बसतो ती बाजू त्यांना दिसत नाही.

‘निवाडा’ आणि ‘फैसला’ यांचं तसं नाही. निवाडा ‘निवडणं’शी नातं सांगतो आणि फैसला अरबीतल्या ‘वेगळं करणं’ या अर्थाच्या धातूतून आला. खरं-खोटं वेगळं केल्याशिवाय हे दोन्ही शब्द वापरता येत नाहीत, किंवा येऊ नयेत. (भूसंपादनात अधिकारी मोबदला ठरवतो त्यालाही निवाडाच म्हणतात. रस्त्यात जमीन गेलेल्या सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माणसाला हा शब्द तिथूनच माहीत झालेला असतो, कोर्टातून नव्हे.)

मग तुमचा गोंधळ का झाला? माझ्या मते तो आपल्याकडच्या कुस्तीने केला. जत्रेच्या फडाची जाहिरात ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ अशी असते. तिथे निकाली म्हणजे बरोबरीत सोडवायची नाही, कोणीतरी जिंकलंच पाहिजे. हे ‘निकाली’ सरळ विशेषण आहे. ‘निकाली काढणे’ मधलं ‘निकाली’ मला निराळं वाटतं. ते ‘मार्गी लावणे’, ‘कामी येणे’, ‘पदरी पडणे’ यांच्यासारखं सप्तमीचं रूप असावं; जुन्या पद्धतीने शेवटी अनुस्वार देऊन लिहिलं असतं असं. मार्गी लागलेला माणूस मुक्कामाला पोचला असं आपण म्हणत नाही. निकाली निघालेल्या दाव्याचंही तेच.

आता ‘निकाली’च्या रकान्यात काय काय येतं ते पाहा, कारण खरी गंमत तिथेच आहे. साक्षीपुरावे होऊन गुणदोषांवर निर्णय झालेले दावे येतात. बाहेर तडजोड करून वादीने काढून घेतलेलेही येतात. प्रतिवादी फिरकलाच नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा (दिवाणी दाव्यातला कोर्टाचा निर्णयाचा हुकूम) झालेले येतात. वादी तारखेला हजर नव्हता म्हणून काढून टाकलेलेही त्याच रकान्यात बसतात, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ खाली पुरेसं कारण दाखवलं तर तोच दावा पुन्हा जिवंत होतो. फौजदारी खटल्यात एकटाच आरोपी मयत झाला की खटला संपतो. या सगळ्यांची किंमत रकान्यात प्रत्येकी एक. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरातल्या कोर्टांची आकडेवारी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर (२०१५ पासून ते कुणालाही पाहता येतं) लढून निकाली निघालेली आणि न लढता निघालेली प्रकरणं वेगळी दाखवतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. बातमीत येताना मात्र ही फोड गळते आणि एकच मोठा आकडा उरतो.

तो आकडा आणखी फुगतो लोकअदालतीच्या दिवशी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली भरणाऱ्या लोकअदालतीत दोन ढीग असतात : कोर्टात आधीच असलेली प्रलंबित प्रकरणं आणि दाखलपूर्व प्रकरणं. दाखलपूर्व म्हणजे बँकेची थकबाकी, पाणीपट्टी, वीजबिल अशी, अजून कोर्टाची पायरीही न चढलेली. ती मिटतात हे चांगलंच आहे. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. पण ‘इतकी हजार प्रकरणे निकाली’ हे वाचून कोर्टातला ढीग तेवढ्याने उतरला असं समजू नका. जे ढिगात नव्हतंच ते ढिगातून कमी कसं होईल?

दुसऱ्या टोकाला दरखास्त आहे. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्यासाठी जो अर्ज करतात त्याला दरखास्त म्हणतात. दावा जिंकला, हुकूमनामा हातात आला, दावा निकाली निघाला. पण समोरचा जागा सोडत नाही, पैसे देत नाही. मग दरखास्त, तिला नवा नंबर, नव्या तारखा. हुकूमनामा मिळाल्यावर पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच नोंदवून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा अर्जांना सहा महिन्यांची मुदत घातली. तरी २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार देशभरात आठ लाखांहून जास्त अर्ज पडून होते, आणि त्यांतले तीन लाखांहून अधिक मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या कोर्टांत. त्यांच्यामागचे मूळ दावे कुठल्या ना कुठल्या वर्षाच्या हिशोबात ‘निकाली’ म्हणून मोजून झालेले असणार.

प्रकरणाचं वजनही या शब्दात मावत नाही. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. त्याला तिथल्या मंदिराच्या पिढीजात पुजाऱ्यांनी, म्हणजे बडवे-उत्पातांनी, दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात संपलं ते जानेवारी २०१४ मध्ये. चार दशकांचा हा वाद त्या वर्षाच्या रकान्यात एका आकड्याचा. वेगावरून मोजायचं म्हटलं तर सोलापूरकरांनी तरी सावध राहायला हवं. स्वातंत्र्यलढ्यात ८ मे १९३० ला इथे घडलेल्या घटनांवरून चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. खटला, अपील आणि फाशी, सगळं आठ महिन्यांत. निकाली काढण्याच्या तक्त्यात हे प्रकरण फार वर लागलं असतं.

आता तुम्ही दिलेल्या वाक्याचा कर्ता पाहा. अहवालात सहसा ‘निकाली काढण्यात आली’ असं असतं. व्याकरणाच्या पुस्तकात नवीन कर्मणीचं उदाहरण म्हणून ‘न्यायाधीशाकडून दंड आकारण्यात आला’ हे वाक्य तुम्ही घोकलं असेल. अहवालातल्या वाक्यात ते ‘कडून’ गायब असतं, आणि बातमीदार तिथे हाताशी असलेलं नाव घालतो : विभागाने. इथे व्याकरणाची नव्हे, वस्तुस्थितीची चूक होते. जिल्हा न्यायालय आणि त्याखालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार. विधी व न्याय विभाग निकाल देत नाही. तो पदं मंजूर करतो, इमारती आणि निधी देतो, सरकारी वकील नेमतो, विधेयकांचे मसुदे तपासतो, धर्मादाय संघटना सांभाळतो. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ) घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते बसतं आणि सोलापूरसह सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. कुठे बसायचं हे राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्तींनी ठरवायचं, जागा आणि पैसा राज्याने द्यायचा. म्हणजे ‘विभागाने पदे भरली’ म्हणा, ‘इमारत बांधली’ म्हणा, ‘प्रकरणे निकाली काढली’ म्हणू नका. ज्याचं काम नाही त्याचं श्रेय विभागाने घेतलं, की ज्याचं काम आहे त्या रिकाम्या पदांबद्दल विचारायचं राहून जातं.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ‘जबाबदारी’ शब्दशः ‘उत्तरदायित्व’च आहे, एकात जबाब, दुसऱ्यात उत्तर. पण मराठीत जबाबदारीचा जबाब झिजला. ‘धाकट्याची जबाबदारी माझ्यावर’ म्हणताना मला कुणी प्रश्न विचारणार आहे असं मनातही नसतं. ते निव्वळ काम असतं, ओझं असतं. सोलापुरात हा फरक कानाने ऐकता येतो. पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या भाषेत कर्तव्याच्या अर्थाने ‘बाध्यता’ आहे आणि उत्तर देण्याच्या बांधिलकीसाठी ‘जवाबुदारीतनम्’. म्हणजे जबाब त्यांनी जपला. कन्नडमध्ये कामाच्या अर्थाने ‘जवाब्दारी’ आणि दुसऱ्यासाठी ‘उत्तरदायित्व’, अगदी आपल्यासारखं. तेव्हा हा जड शब्द उगाच नाही. जबाबदारी सैल झाली म्हणून तो आणावा लागला.

मला स्वतःला मात्र तो आवडत नाही. आपल्याकडे ‘जाब’ आहे. अर्जदाराच्या समोरच्या पक्षाला आपल्याकडच्या कागदांत ‘जाबदेणार’ लिहितात, आणि ‘जाब विचारणं’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जाब म्हटलं की विचारणारा आपोआप उभा राहतो, आणि इथे खरा मुद्दा तोच आहे. उत्तरदायित्व ‘दिसून येत’ नसतं, कुणीतरी जाब विचारावा लागतो. विभागाला तो विधिमंडळ विचारतं : तारांकित प्रश्न, मागण्यांवरची कपात सूचना, लोकलेखा समिती. महालेखापरीक्षकांचा अहवाल अनुच्छेद १५१ नुसार तिथेच ठेवला जातो. विभागातल्या नस्तीबद्दल, म्हणजे फाइलबद्दल, २००५ चा दफ्तरदिरंगाईचा कायदा आहे. साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त ती एका टेबलावर राहू नये असं तो म्हणतो. न्यायप्रविष्ट बाबी त्यात धरत नाहीत.

तेव्हा उत्तरपत्रिकेत असं लिहा : ‘जिल्ह्यातील न्यायालयांत वर्षभरात इतकी प्रकरणे निकाली निघाली, त्यांपैकी इतक्यांचा गुणदोषांवर निर्णय झाला.’ विभागासाठी वेगळं वाक्य : ‘मंजूर पदांपैकी इतकी भरली, इतका निधी खर्च झाला, याबद्दल विभाग विधिमंडळाला उत्तरदायी आहे.’ परीक्षेत ‘जाब’ लिहिण्याचं धाडस करू नका, परीक्षक कसा असेल सांगता येत नाही.

‘शिल्लक’ चालेल, पण तक्त्यात. आरंभीची शिल्लक, अधिक दाखल, वजा निकाली, म्हणजे वर्षअखेरची शिल्लक, इतकं ते हिशोबी आहे. एका विशिष्ट दाव्याबद्दल लिहिताना ‘प्रलंबित’च ठेवा. ‘माझा दावा शिल्लक आहे’ असं कुणी बोलत नाही.