घरच्यांचा विरोध असताना ख्रिस्ती विश्वासात ठाम कसं राहावं?

सलाम. तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा घेऊन आठ महिने झाले, घरात कुणी धड बोलत नाही, भावाने पवित्र शास्त्र फाडलं आणि आता घर सोडावं का असं वाटतंय. सोडू नका. का ते सांगायचं तर आधी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा दहावा सांगावा लागेल.

मी सोलापूरचा. आप्पा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातच चार माग टाकले, टॉवेल काढायचो. २००३ साली मी बाप्तिस्मा घेतला आणि दादाने मला मागावरून उठवलं. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या पंगतीला बसायचे बंद झाले. दोन वर्षांनी ते गेले. मी खांदा दिला, सरणाची लाकडं रचली. मुंडण केलं नाही, पिंडाला हात लावला नाही. ऐन वेळी तमाशा नको म्हणून दादाला ते आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

दहाव्याला कावळा शिवेना. तास झाला, ऊन चढलं. झाडावर कावळे बसलेले, पण पिंडाकडे एकही येईना. एकेक जण पुढे होऊन आप्पांना शब्द देऊ लागला: धाकटीचं लग्न मी लावतो, कोर्टातलं मी बघतो. मग काका सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याच्यात जीव अडकलाय त्यांचा. म्हण, मी माघारी येतो. एवढंच म्हण, लगेच शिवेल बघ." पन्नासेक माणसं माझ्याकडे बघत होती. त्यात आई. मारहाण सोसली असती मी, ती नजर सोसवत नव्हती. महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी एका दासीने विचारलं आणि येशूचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून कसा गळाला, ते मला त्या उन्हात कळलं.

मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "आईला मी सांभाळीन. दादाच्या डोक्यावर जे कर्ज आहे त्यातलं अर्धं माझं. माघारी येतो असं म्हणणार नाही, ते खोटं होईल."

कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक पांगले. दादा चार वर्षं बोलला नाही माझ्याशी.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्या पुढाऱ्याच्या कानावर हे गेलं आणि तीन महिने मला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा प्रसंग, घेऊ दिला नाही. म्हणाले, तू मेलेल्याशी बोललास, डगमगलास. 'मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे' हे प्रभूचं वचन वाचलं नाहीस का? वाचलंय. आणि प्रभूने वधस्तंभावर असताना आईला आपला शिष्य योहान याच्या हवाली केलं, तेही वाचलंय. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात. टिळकांनी विश्वासही सोडला नाही आणि बायकोलाही सोडलं नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. नाती तोडली म्हणजेच विश्वास पक्का, हे कुणी शिकवत असेल तर ते चुकीचं शिकवतोय.

तर तुमचं. आरतीला उभं राहणार नाही हे एकदा सांगा, सणाच्या चांगले आठ दिवस आधी सांगा आणि त्या सणाला घरातली बाकी सगळी कामं करा. रविवारची उपासना चुकवू नका, एकट्याने कुणी टिकत नाही. भावाला प्रवचनांचे व्हिडिओ पाठवत असाल तर आजच बंद करा. पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात बघा, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून जे सोसावं लागतं ते ख्रिस्तासाठी सोसणं नव्हे. घरच्या देवांना नावं ठेवून मार खाल्ला तर त्याला छळ म्हणू नका.

मात्र जिवाला धोका असेल, कोंडून ठेवत असतील, जबरदस्तीने लग्न लावत असतील, तर माझं 'सोडू नका' विसरा. पाळकांना गाठा, पोलिसांत जा. धर्म मानायचा आणि आचरायचा हक्क संविधानाच्या कलम २५ ने दिलाय. आणि अनुसूचित जातीतले असाल तर राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे त्या जातींच्या सवलती ख्रिस्ती माणसाला मिळत नाहीत, हे माहीत असू द्या. कागदावर एक आणि मनात एक ठेवून ठाम राहता येत नाही.

आई माझ्याकडे अकरा वर्षं राहिली. रोज तुळशीला पाणी घालायची, गुडघे धरल्यावर तांब्या मी भरून द्यायचो. तेही मंडळीतल्या त्या गृहस्थांना खटकलं. आता ते थकलेत. रस्त्यात भेटले की मीच आधी सलाम करतो. पण त्या दिवशी मी कुणाशी बोलत होतो, हे त्यांनी मला कधी विचारलंच नाही. मी आईशी बोलत होतो.