डाखाचा गोळा होतोय? ज्योत वाढवू नका

तुम्ही विचारलंय, 'चांदीच्या पैंजणाची कडी झाळताना डाखाचा गोळा होतो, सांध्यात उतरत नाही, ज्योत मोठी करू का?' नका करू. (डाख म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो मिश्रधातू, झाळणं म्हणजे त्यानं जोडणं.) याच गोष्टीवरून मी आणि माझा चुलतभाऊ वर्षानुवर्षं भांडतोय.

हुपरीत आमच्या घरी पैंजणांचं काम. दादाचा हात वेगवान, पण तो ज्योत सरळ डाखावर धरणार. डाख वितळला की काम झालं! अरे, डाख जिकडे जास्त गरम तिकडे धावतो. कडी बारीक, पट्टी जाड. कडी आधी लाल होते, डाख तिच्यावर चढून बसतो, पट्टी थंडच. ज्योत जाड भागावर फिरवायची, कडीकडे अगदी शेवटी वळायचं. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, 'तू पुस्तकं वाच.'

मग एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या हळदीत पैंजण गळून पडलं. बोलणी मी खाल्ली, कारण चिठ्ठीवर अक्षर माझं होतं. परत आल्यावर तुटलेली जागा काकांसमोर भिंगाखाली धरली. कडीच्या पायाशी डाखाचा मोहरीएवढा मणी, चकचकीत. पट्टीवर नुसता काळा डाग आणि त्यात कानशीच्या रेघा जशाच्या तशा. डाख तिथं पोचलाच नव्हता. काका चष्मा पुसत बसले. दादा म्हणाला, 'डाख कमी पडला.' आजही तेच म्हणतो. जास्त डाख घातला की टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, उतरतो ते वेगळंच.

मोठ्या ज्योतीचं म्हणाल तर शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते, तांबं मिसळलेली 925ची चांदी (हजारात 925 भाग चांदी) त्याच्या आधीच. डाख राहील बाजूला, कडीचंच पाणी होईल. सांध्यात फट दिसत असेल तर डाखाच्या भरवशावर राहू नका, कानस मारून टोकं भिडवा. सवागी (टाकणखार, बोरॅक्स) लावल्यावर सुरुवातीला हळू तापवा, नाहीतर ती फुगते आणि डाखाचा तुकडा उडवून देते. ती काचेसारखी पातळ झाली की मग उष्णता द्या.

हो, राहिलंच. पोकळ मण्याला भोक नसेल तर झाळू नका, आतली हवा तापून तो फुटतो. आणि कॅडमियमचा डाख घेऊ नका, त्याचा धूर विषारी. दादा अजून तोच वापरतो, तेही खिडकी लावून, वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून.