मागची बाजू बघितलीस का?

अगं बाळा,

तुझा मेसेज मिळाला, फोटो पण बघितले, तीनतीनदा झूम करून बघितले, काकू म्हणाली कोणाची पत्रिका आलीय का एवढं निरखून बघायला. "काका, इंद्रजाल कॉमिक्सचं हाताने काढलेलं ओरिजिनल पान मिळतंय, वेताळाचं, मराठी संवादांसकट, अठरा हजार म्हणतोय, उद्यापर्यंत सांगायचंय." उत्तर आधीच देतो म्हणजे तुझा जीव टांगणीला नको, उद्या घेऊ नकोस. परवा घ्यायचं का ते हे पत्र वाचून तूच ठरव.

आता का ते सांगतो. तुम्हा लोकांना इंद्रजाल म्हणजे जुनी दुर्मिळ वस्तू, आम्हाला ते शेजारच्या मुलाकडून भाड्याने आणून जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचायचं पुस्तक. १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, मराठीतही यायचं. पण त्यातला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, इथे कोणी काढत नव्हतं गं. ली फॉक या लेखकाची ती गोष्ट अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज एका पट्टीत यायची, १९६१ पासून तीसेक वर्षं ती साय बॅरीने काढली, आणि इथे त्या पट्ट्यांचे पॅनल कापून, पुढेमागे जुळवून, कुठे छाटून कुठे वाढवून कॉमिकचं पान बनवायचे. संवाद बदलायचे, नावं पण बदलायचे. मूळ स्ट्रिपमधला बंगाला देश आपल्याकडे डेंकाली झाला आणि आमच्या पिढीला अजून डेंकालीचं जंगलच आठवतं. मग आता सांग, वेताळाचं अख्खं पान, सहा पॅनल, एकाच कागदावर, एकाच हाताने काढलेलं, फुग्यांत मराठी अक्षरं, हे "ओरिजिनल" कुठून आलं? पेस्टअप असतं, म्हणजे फोटो-कागदावरच्या प्रती (ब्रोमाइड) कापून चिकटवलेलं, तर मी म्हटलं असतं की थांब, ही मजेशीर वस्तू असू शकते, छापखान्यातली खरी असू शकते. पण तुझ्या फोटोत चिकटवल्याची एक कड दिसत नाही. मला वाटतं कोणीतरी हौशी माणसाने छापील अंक बघून हौसेने काढलंय. वाईट नाही काढलेलं, वेताळाचे दंड जरा जास्तच भरलेत पण हात चांगला आहे. त्याला नक्कल म्हणून दीड-दोन हजार दे आणि भिंतीवर लाव, मी काही बोलणार नाही. अठरा हजार ओरिजिनलचे मागतोय म्हणून बोलतोय.

बहादूरचं पान असतं तर माझं उत्तर वेगळं असतं बरं का. बहादूर १९७६ मध्ये आबिद सुरतींनी इंद्रजालसाठीच तयार केला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, म्हणजे ती पानं खरोखर इथे शाईने काढलेली. वेताळाच्या अंकांची रंगीत कव्हरंसुद्धा बऱ्याचदा इथल्याच चित्रकारांची. म्हणजे एकाच अंकात कव्हरचं ओरिजिनल भारतात असू शकतं, आतल्या पानांचं अमेरिकेत. हे एवढं माहीत असलं तरी निम्मी फसवणूक टळते, भिंग नंतर काढायचं.

मी प्रोसेस स्टुडिओत, म्हणजे छपाईसाठी निगेटिव्ह बनवायचे तिथे, कॅमेऱ्यावर पंधरा वर्षं काढली ते तुला माहितीये, त्यामुळे मी ओरिजिनलकडे चित्र म्हणून बघतच नाही, कामाचा कागद म्हणून बघतो. तो कागद भिंतीवर लावायला काढलेलाच नव्हता. तो कॅमेऱ्यासमोर ठेवून लाइन निगेटिव्ह करायला काढलेला होता, आणि ते झालं की त्याचं काम संपलं. म्हणून त्यावर सगळा पसारा असतो. समासात छापताना किती लहान करायचं त्याची टक्केवारी असते, अमेरिकन पान साधारण ६६ टक्क्यांवर यायचं कारण ११ बाय १७ इंचाच्या बोर्डावर १० बाय १५ मध्ये काढायचे आणि छापताना दोन तृतीयांश करायचे. त्याआधी, १९६७ च्या आसपासपर्यंत, बोर्ड याहून बराच मोठा असायचा, त्यामुळे कोणी १९६३ चं पान म्हणून ११ बाय १७ दाखवलं तर लगेच कान टवकारायचे. फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा असतात, त्या खोडत नसत कारण आमच्या कॅमेऱ्यातल्या ऑर्थो फिल्मला तो निळा दिसायचाच नाही, पांढराच यायचा. हे मी स्वतः हजार वेळा केलंय तरी प्रत्येक वेळी गंमत वाटायची, डोळ्यासमोर रेघ आहे आणि निगेटिव्हवर गायब. मग पांढऱ्या पोस्टर कलरची पुटं असतात, जिथे नाक चुकलं, हात चुकला, किंवा संपादकाने सांगितलं की बंदूक नको. ते पुट कागदावर जरासं वर आलेलं असतं, आडवा उजेड टाकला की दिसतं. छापील प्रतीत हे काहीच येत नाही. मला विचारशील तर पैसे त्या पुटाचेच आहेत, बाकीचं चित्र तुला छापील अंकात स्वस्तात मिळतं.

म्हणून पहिली सवय लाव, समोरच्याकडून मागच्या बाजूचा फोटो माग. जो खरा विकतोय तो लगेच पाठवतो. मागे काय नसतं! प्रकाशकाचा शिक्का, तारीख, अंकाचा नंबर, कोणाचा तरी फोन नंबर, चहाचा डाग, इंकरने, म्हणजे पेन्सिलीवर शाई करणाऱ्याने, ब्रश पुसल्याचे फराटे. आणि शाई कागदात मुरलेली असेल तर जिथे काळं जाड भरलंय तिथे मागून कागद जरा ओढल्यासारखा दिसतो. प्रिंट असेल तर मागची बाजू एकदम सोवळी असते.

मी पण फसलोय, लपवत नाही. इंटरनेट नवीन होतं तेव्हा एका बाहेरच्या विक्रेत्याकडून एक पान घेतलं, फोटो बोटाएवढा, त्यात काय दिसणार, दोन महिन्यांचा पगार घातला. पार्सल आलं, भिंग लावलं, आणि काळ्याच्या कडेला बारीक ठिपके. प्रिंट! कॅमेऱ्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला प्रिंट विकलं. स्टुडिओत चार दिवस कोणाला सांगितलं नाही, पाचव्या दिवशी मीच सांगितलं आणि मग वर्षभर चहाचे पैसे मलाच द्यायला लावायचे. तेव्हा मला घाई झाली होती, दुसरं काही नाही, आणि तुझ्या त्या "उद्यापर्यंत"मध्ये मला तीच घाई दिसली म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. खरं आहे का हे विचारून झालं की ते इथवर आलं कसं हे विचारायचं. अमेरिकेत कित्येक वर्षं पानं चित्रकाराला परतच मिळत नव्हती, प्रकाशकाच्या गोदामात पडायची, कोणी भेट म्हणून वाटायचं, कोणी फाडायचं, कोणी उचलून न्यायचं. जॅक कर्बी, ज्याने मार्व्हलची निम्मी दुनिया कागदावर उभी केली, त्याला १९८४ मध्ये पानं परत द्यायच्या आधी कंपनीने इतरांपेक्षा लांबलचक कागद सही करायला पाठवला, तो भांडला, आणि १९८७ मध्ये हातात आली ती दोन हजारांच्या आसपास पानं, काढली होती त्याच्या कितीतरी पट. मग बाकीची कुठे आहेत? काही लोकांच्या घरी फ्रेम करून आहेत. आणि याच्या उलट पण झालंय, स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो १९६२ चा अंक, त्याची स्टीव्ह डिटकोने काढलेली २४ ओरिजिनल पानं २००८ मध्ये कोणीतरी नाव न सांगता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. विकली असती तर किती आले असते त्याचा विचार कर, आणि देणाऱ्याने नाव सांगितलं नाही. मला तो माणूस कोण असेल याचं फार कुतूहल आहे.

आपल्याकडे तर याचा विचारच नव्हता गं. माझ्या संग्रहातलं पहिलं चित्र मी स्टुडिओच्या रद्दीतून उचललं, दिवाळी अंकातलं एक व्यंगचित्र होतं, काम झालं, कोणी न्यायला आलं नाही, गठ्ठ्यात गेलं. तेव्हा मला ते चोरी वाटलं नाही, रद्दीच होती. पण पुढे पंधरा-वीस वर्षांनी ते चित्रकार एका प्रदर्शनात भेटले, म्हातारे झालेले, आणि मला घरी जाऊन झोप येईना. मग ते पान घेऊन गेलो त्यांच्याकडे. त्यांनी बघितलं, हसले, म्हणाले असली रद्दी माझ्या माळ्यावर पोतंभर आहे, ठेव तुला. मी म्हटलं ठेवतो पण मागे दोन ओळी लिहून द्या. त्यांनी तारीख टाकून लिहून दिलं. आज माझ्याकडे त्याहून महाग चित्रं आहेत, पण घराला आग लागली तर मी ते उचलून पळेन, काकूनंतर अर्थात.

तर तू पण जिवंत चित्रकाराकडून घे, जमेल तेवढं थेट घे, आणि मागे लिहून घे. पुण्या-मुंबईत काय कमी आहेत का? अमर चित्र कथा १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केली, त्यातला कृष्ण काढणारे राम वाईरकर, पुढे टिंकलचा सुपंडी पण त्यांचाच, आणि पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांनी अमर चित्र कथेबरोबर राज कॉमिक्सचा नागराज पण काढला. ही माणसं आता नाहीत. पण त्यांच्या नंतरचे आहेत, व्यंगचित्रकार आहेत, चित्रकारांच्या घरची मुलं-सुना आहेत ज्यांना माळ्यावरच्या गठ्ठ्याचं काय करायचं कळत नाहीये. तिथे भाव पाडायला जाऊ नकोस हं, आणि पहिल्या भेटीत "विकता का" असं तर मुळीच विचारू नकोस. आधी नुसतं बघायला जा. कॉमिक कॉनला, त्या कॉमिकवाल्यांच्या जत्रेला, गेलीस तर टेबलावर बसलेल्या नवीन पोरांकडून घे, तिथे आधी विचार की कागदावर काढतोस का, कारण बरेचजण आता टॅबलेटवरच काढतात, म्हणजे ओरिजिनल असं काही उरतच नाही, असते ती फाइल. आणि अमेरिकन पानं घेशील तर २००० नंतरच्या पानांवर बहुतेक वेळा फुगे नसतात, अक्षरं कॉम्प्युटरवर टाकलेली, मग पान जरा मुकं वाटतं. काही वेळा तर पेन्सिलचं पान वेगळं आणि शाईचं वेगळं, कारण पेन्सिल स्कॅन करून निळ्यात प्रिंट काढून इंकर त्यावर शाई करतो. दोन्ही ओरिजिनलच, फक्त कोणाचं काय ते विचारून घे.

पैशाचं म्हणशील तर कव्हर सगळ्यात महाग, मग पूर्ण पानभर एकच चित्र असतं ते, मग जिथे हिरो ड्रेस घालून मारामारी करतोय ते, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे चार माणसं टेबलाभोवती बसून बोलतायत ते. मी कायम तीच घेत आलो. चेहरे काढायला जे कसब लागतं ते उड्या मारणारा माणूस काढायला लागत नाही असं माझं मत आहे, संग्राहकांच्या ग्रुपवरचे लोक हसतात मला, हसू देत. २०२२ मध्ये मार्व्हलच्या सीक्रेट वॉर्स कॉमिकचं एक पान, स्पायडरमॅनच्या काळ्या ड्रेसवालं, माइक झेकने काढलेलं, ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं लिलावात. असल्या बातम्या वाचून लोक पुढे भाव वाढेल म्हणून घेतात. तू तसं करायचं असेल तर मला विचारू नकोस, त्यापेक्षा तुझ्या बाबांच्या त्या म्युच्युअल फंडवाल्याला विचार.

एक कायद्याचं, पटकन सांगतो. पान विकत घेतलं म्हणजे कागद तुझा, कॉपीराइट तुझा नाही, त्याचे टीशर्ट छापायचे नाहीत. आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक ५३-अ कलम आहे, चित्राच्या हक्काचा पहिला मालक चित्रकार स्वतः असेल तर ते चित्र पुढे दहा हजारांच्या वर विकलं जाताना त्या किमतीत त्याला किंवा त्याच्या वारसाला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पुढेमागे विकलंस तर लक्षात ठेव.

आणि घरात नीट ठेव गं. आपला पावसाळा कागदाचा वैरी. लॅमिनेशन करायचं नाही, सेलोटेप लावायचा नाही, साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायचं नाही, ते चिकटतं आणि शाई घेऊन निघतं. मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) पिशवी, मागे ॲसिड-फ्री बोर्ड, आडवं ठेवायचं, गुंडाळी अजिबात नाही. कसर लागते म्हणून डांबराच्या गोळ्या टाकशील तर कागदाला चिकटून नको, लांब. मार्करने काळं भरलेलं असेल तर उन्हात ते तपकिरी किंवा जांभळं पडतं, १९८० नंतरची खूप पानं अशी आहेत. आणि रबर सोल्यूशनने चिकटवलेले फुगे पिवळे पडून सुटतात, सुटला तर घरच्या फेविकॉलने चिकटवू नकोस, त्याच पिशवीत राहू दे. टिनटिनचं ते ब्लू लोटसचं १९३६ चं चित्र, पॅरिसला २०२१ मध्ये ३२ लाख युरोला गेलं, ते म्हणे प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलं होतं आणि वर्षानुवर्षं घडी करून ड्रॉवरमध्ये होतं. घड्या अजून दिसतात त्यावर. पण ते टिनटिन काढणाऱ्या हर्जेचं होतं म्हणून चाललं, तू घडी घालू नकोस.

तर आता त्या माणसाला एवढंच लिही, की मागच्या बाजूचा फोटो आणि एक फोटो खिडकीजवळ आडव्या उजेडात काढून पाठवा, आणि हे तुमच्याकडे कुठून आलं. बघ काय म्हणतो. चिडला तर सुटलीस. फोटो आले तर मला पाठव आणि रविवारी सकाळी घरी ये, माझं जुनं भिंग आहे ते तुला देणार आहे, पण आधी माझ्या त्या व्यंगचित्राची मागची बाजू दाखवतो, अजून तू बघितली नाहीयेस.

तुझा
काका

ता. क. येताना कोपऱ्यावरून पाव आण.