लेझरवर कुठलं लेदर चालतं आणि कुठलं अजिबात लावू नये?

तुम्ही विचारलंय की नवीन लेझर मशीन घेतलंय, पाकिटं आणि कीचेनवर नावं कोरायचीत, तर पॉवर किती ठेवू. पॉवरचं नंतर बघू, आधी हातात काय आहे ते ओळखा.

मी म्हापशात छोटं वर्कशॉप चालवतो, ४० वॉटचं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं लेझर मशीन आहे. सुरुवातीला एका दुकानातून प्युअर लेदर म्हणून शीट आणली आणि काही न तपासता सरळ लावली. डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, मशीन बंद करून बाहेर पळालो. पीव्हीसीचं रेक्झिन निघालं ते! पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि आपल्या गोव्याच्या दमट हवेत त्याचं ॲसिडच होतं, थोड्याच दिवसांत मशीनच्या रेलवर गंज दिसायला लागला. तेव्हापासून शंका आली की तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तो माल लेझरवर लावायचाच नाही. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा.

कोरायला सगळ्यात छान म्हणजे वेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, ते याच जातीचं. त्यावर अक्षर कॉफीसारखं गडद तपकिरी उमटतं. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं चामडं, मऊ असतं, पर्सला बरं, कडेने कापून पाहिलं तर बऱ्याचदा आत निळसर राखाडी दिसतं. पण त्यावर कोरलेलं फिकट येतं, शिवाय क्रोमियम तापलं की त्याचा घातक प्रकार तयार होऊ शकतो म्हणून मी ते टाळतो, आणि तुम्ही करणारच असाल तर धूर बाहेर नेणारा पंखा हवाच. स्वेड म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं चामडं, त्याच्या लवेत काजळी बसते, नाव नीट वाचताच येत नाही.

आता पॉवर. माझ्याकडे वेज टॅनला १५-२० टक्के आणि ३०० मिमी प्रति सेकंद पुरतं, पण तुमच्या मशीनला तेच लागेल असं नाही, म्हणून त्याच चामड्याच्या कातरणीवर वेगवेगळ्या पॉवरचे छोटे चौकोन कोरून बघा. वर कागदी टेप लावा आणि हवेची फुंकर देणारा पंप चालू ठेवा, नाहीतर आजूबाजूला काळे डाग पडतात. जळलेल्या केसांचा वास येणारच, घाबरू नका. नंतर जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने काजळी झाडायची.

कापायचं म्हणाल तर सरळ कडा मी अजून सुरीनेच कापतो. लेझरने कड कोळशासारखी होते, बोटांना लागते आणि शिवताना पांढरा दोरा काळा पडतो, त्यामुळे जाळी किंवा बारीक नक्षी असेल तरच लेझर. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि बुरशीही येते, तेव्हा कामाच्या आदल्या रात्री तुकडे वर्तमानपत्रात घालून वजनाखाली ठेवा, कोरताना वाकत नाहीत.