केडी लपवली तर शिव्या थांबतील का?

भाऊ, रँडम स्क्वॉडमधल्या (अनोळखी लोकांच्या टीममधल्या) पोरानं तुझी 0.8 केडी (आपण मेलो त्याच्या तुलनेत किती मारले तो आकडा) पाहिली, लॉबीतच (मॅच सुरू व्हायच्या आधीच) आईबहीण काढली अन् तुला हाकललं. म्हणून तू विचारतोस की हे स्टॅट्स दाखवणारे प्रकार बंदच करावेत का. मी 2009 पासून खेळतो. आधी यवतमाळला होस्टेलवर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ही ऑनलाइन गेम, आता गावात गच्चीवर नेटवर्क धरून बीजीएमआय ही मोबाइलवरची गोळीबाराची गेम. माझं मत सांगतो: बंद करू नका, पण दुसऱ्याचा आकडा दुसऱ्याला दाखवू नका.

आकडा लावला की काय होतं ते शेतातच पाहा. आपल्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. मग कापसात पत्ती येते, कवडी (खराब कापूस) येते, दवानं ओला झालेला कापूस भल्या सकाळीच झोळीत पडतो. बाया काही लबाड नाहीत राजेहो, काटा फक्त वजन पाहतो. (रोजानं लावलं तर वेचणी संपता संपत नाही, ते वेगळं.) वॉरक्राफ्टमध्ये रिकाउंट नावाचं ॲडऑन (वरून जोडायचं साधन) होतं, कोण सेकंदाला शत्रूला किती डॅमेज (मार) देतो ते दाखवायचं. लगेच लोक बॉस (मुख्य शत्रू) सोडून बाजूच्या किरकोळ शत्रूंवर मारा करून नंबर फुगवायला लागले. पायाखाली आग लागली तरी हलायचे नाहीत, कारण हललं की नंबर घसरतो. केडीचंही तेच. पडलेल्या साथीदाराला उठवलं तर केडीत त्याचा एक दाणा पडत नाही, मग कोणी काऊन उठवेल?

पण शिवीगाळ वाढली त्याला आणखी एक कारण होतं. डिसेंबर 2009 मध्ये वॉरक्राफ्टमध्ये डंजन फाइंडर (आपोआप गट जुळवणारी सोय) आलं अन् दुसऱ्या सर्व्हरवरचे अनोळखी लोक एका गटात पडू लागले. त्याच काळात गिअरस्कोअरचं खूळ. तो आकडा अंगावरच्या सामानाचा, हाताच्या कसबाचा नाही. तरी त्यावरूनच माणसं दारातून परत पाठवायचे. गावात कोणाला असं बोललं तर संध्याकाळी पानठेल्यावर तोच समोर उभा असतो. गेममध्ये तसं काही नव्हतं.

आता दुसरी बाजू. मी एकदा हीलरवर (साथीदारांना बरं करणाऱ्यावर) लय तोंडसुख घेतलं. मग रिकाउंटमध्ये माझ्याच मरणाची नोंद उघडली, तर मीच आगीत उभा होतो! आकडे नसते तर त्या गरीब माणसाला आयुष्यभर दोष दिला असता. असे आकडे मोजणारे मीटर नव्हते तेव्हाही शिव्या होत्याच, फक्त अंदाजानं दिल्या जायच्या, अन् सहसा जो गप्प बसतो त्याला.

फायनल फँटसी 14 या गेममध्ये रिकाउंटसारखी बाहेरची साधनं नियमानं बंद आहेत. तरी लोक गुपचूप वापरतात, पण समोरच्याला नंबरावरून हिणवलं तर स्वतःच अडकतात, म्हणून तोंड आवरतात. ओव्हरवॉच या गेमनं 2018 मध्ये प्रोफाइल मुळातच खासगी ठेवली. लीग ऑफ लेजंड्स या गेमनं 2022 मध्ये रँक्ड सोलोत (क्रमवारीच्या मॅचमध्ये) चॅम्पियन (खेळायचं पात्र) निवडताना साथीदारांची नावंच झाकली, म्हणजे इतिहास तपासून कोणाला आधीच निकालात काढता येऊ नये. मला हीच दिशा बरोबर वाटते. स्वतःची मॅच हवी तितकी उकरून पाहा की.

तुझ्यापुरतं म्हणशील तर रँडम सोड. आमच्या चौघांत एकाची केडी 0.6 आहे. तो गाडी हाकतो, धूर टाकतो अन् पडलेल्याला उठवतो. त्याच्याशिवाय आम्ही मॅच लावत नाही. पाचवा कधीमधी लागतोच, लोडशेडिंग नसेल तर रात्री दहाला ये.