तोच अँटिजेन, तेवढाच डोस. मग परिणाम वेगळा का?

प्रश्न : मुलीला नऊ महिने पूर्ण झाले. डॉक्टर टायफॉइडची 'कॉन्जुगेट' लस घ्या म्हणतात. जुनी लस स्वस्त आहे आणि दोन्हींत जंतूचा घटक एकच आहे असं कळलं. मग जुनी का नको?
– एक पालक, पनवेल

उत्तर : घटक एकच आहे, मात्राही बहुधा तेवढीच, २५ मायक्रोग्रॅम. हा घटक, म्हणजेच प्रतिकारयंत्रणा ज्याला ओळखते तो अँटिजेन, म्हणजे जंतूवरचं 'व्हीआय' आवरण, शर्करेची लांबलचक साखळी. अडचण इथेच आहे. प्रतिकारयंत्रणेत बी-पेशी अँटीबॉडी (जंतूला चिकटणारी प्रथिनं) बनवतात आणि टी-पेशी त्यांना मदत करतात. पण टी-पेशींना प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात, निव्वळ शर्करा नाही. त्यामुळे बी-पेशींना एकट्यानंच काम करावं लागतं. अँटीबॉडी तयार होतात, पण स्मृती राहत नाही, म्हणून ती लस दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. दोन वर्षांखालच्या मुलांच्या बी-पेशी तर अशा साखळीला जवळजवळ दादच देत नाहीत. स्वस्त असली तरी या वयात ते पैसे वायाच.

कॉन्जुगेट लशीत हीच शर्करा सहसा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडलेली असते. बी-पेशी शर्करा पकडते, सोबतचं प्रथिन आपसूक आत जातं, त्याचे तुकडे ती टी-पेशीला दाखवते आणि मदत मिळवते. नुसतं एकत्र मिसळून हे साधत नाही, जोडणीच हवी. ही लस सहा महिन्यांपासून देता येते. नवी मुंबईत २०१८ साली महापालिकेनं नऊ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी तिचीच मोहीम घेतली होती.

पेनिसिलिनची ॲलर्जीही याच वाटेनं येते. त्याचा रेणू इतका लहान की एकटा असताना प्रतिकारयंत्रणा त्याची दखल घेत नाही. शरीरातल्या प्रथिनाला चिकटला की घेते. उलट जिलेटिन आकारानं मोठं, तरी अँटिजेन म्हणून दुबळं. नुसत्या आकारावर जाऊ नये.

प्रश्न : हिपॅटायटिस बीची लस कुल्ल्यावर घेतली तर चालते का?
– एक परिचारिका, लातूर

उत्तर : नाही. तिथे सुई बहुतेकदा चरबीतच राहते आणि प्रतिसाद कमी मिळतो. मोठ्यांना दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत, बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात द्यावी. कुल्ल्यावर दिलेला डोस धरू नये, पुन्हा द्यावा. मोठ्यांचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. पहिल्या दोनांत चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर नको. कुपी गोठली असेल तर टाकून द्या: प्रतिसाद वाढवणाऱ्या ॲल्युमिनियम क्षाराच्या गुठळ्या होतात आणि हलवून त्या पूर्ववत होत नाहीत. तुम्ही आरोग्यसेवेत आहात, तेव्हा तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (या लशीनं रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण) तपासून घ्या; १० मिली-युनिट प्रति मिलीलिटर किंवा जास्त हवं.