54व्या वर्षी कोईम्ब्राला शिकायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीच्या, वय 54, मुलगा लिस्बनला, पुढेमागे तिकडेच राहायला जायचं आहे. त्याआधी जुलैत पोर्तुगालमधल्या कोईम्ब्रा विद्यापीठाचा उन्हाळी पोर्तुगीज वर्ग करावा, की या वयात पोरांमध्ये बसणं शोभत नाही, असं विचारलंत. मी फोंड्याची, गेली दहा वर्षं लिस्बनजवळ राहते. तो वर्ग मी 51व्या वर्षी केला, पण इथे येऊन सात वर्षं झाल्यावर. ती सात वर्षं दुकानात, दवाखान्यात बोट दाखवून काढली. म्हणून सांगते, तुम्ही आधीच करा.

कागदपत्रांचं तेवढं नीट समजून घ्या. महिनाभराच्या वर्गाला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा लागतो, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा, सोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. ‘एकदा पोचा, मग तिथेच राहण्याचा परवाना काढू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पर्यटक म्हणून यायचं, काम धरायचं आणि मग अर्ज करायचा, हा मार्ग 3 जून 2024 ला बंद झाला. वर्ग संपला की घरी परत जायचं आणि राहण्याचा व्हिसा तिथूनच काढायचा.

विद्यापीठ 1290 सालचं, 1537 पासून कायमचं कोईम्ब्रात, टेकडीच्या माथ्यावर जुन्या राजवाड्यात. खालच्या गावातून वर चढणाऱ्या पायऱ्यांचं नावच ‘केब्रा कॉश्तश’, म्हणजे पाठ मोडणाऱ्या. जुलैत एखाद्या दिवशी पारा पस्तिशीच्या वर जातो. भाडं थोडं जास्त पडलं तरी खोली माथ्याजवळच घ्या. मी खाली घेतली होती, आणि पहिला आठवडा गुडघे शेकण्यातच गेला.

वर्गात बहुतेक मुलं विशीतली. ती पटापट बोलतात, चुकतात, पुढे जातात. मला फळ्यावरचं सगळं कळायचं, कानावर पडलेलं काहीच नाही. पोर्तुगालचे लोक स्वर गिळतात, ‘टेलिफोन’चं ‘तल्फॉन’ होतं. तेव्हा आत्तापासून रोज अर्धा तास पोर्तुगालचा रेडिओ ऐका. ब्राझीलचा नको, त्यांचे उच्चार मोकळे असतात आणि इथे आल्यावर कान फसतात.

व्याकरणाला मात्र मुळीच घाबरू नका. ‘असणे’साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, त्यावर इंग्रजी बोलणारी मुलं रडकुंडीला यायची. आपण ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी असतो’ यांत फरक करतोच ना? सगळीकडे तो तंतोतंत बसत नाही, पण दार तिथूनच उघडतं. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यातलं ‘यावं’ ज्याला कळतं, त्याला त्यांचा कोंज्युंतीवू, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, परका वाटत नाही. शब्दांचं तर विचारूच नका. बटाटा, कोबी, साबण, चावी, पगार हे पोर्तुगीजमधून आलेले शब्द आपण लहानपणापासून बोलतोय. शिक्षिकेला मी ही यादी वाचून दाखवली, तेव्हा तिने ती फळ्यावर लिहून काढली. त्या दिवसापासून मी मागच्या बाकावरून पुढे आले.

एक काम निघण्याआधी कराच. घरी 1961 पूर्वीचे पोर्तुगीज कागद असतील, जन्माचे दाखले, जमिनीचे व्यवहार, तर त्यांच्या प्रती बॅगेत टाका. माझ्याकडे आजोबांच्या जन्माचा दाखला होता. आमच्या घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता, नुसता प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला. तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर तो घेऊन बसले. अक्षर वळणदार होतं, एकेका ओळीला दहा मिनिटं लागली. ‘नातुराल द पोंडा’ असं होतं, म्हणजे मूळचे फोंड्याचे. त्याखाली आजोबांच्या आईचं नाव होतं, जे आईलाही माहीत नव्हतं. त्याच रात्री फोन करून तिला ते सांगितलं.